उजव्या कोपऱ्यातला हितचिंतक

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे घड्याळ आणि तारीख असते, तिथून तो वर येतो. आधी नुसती चौकोनी सावली, मग तांबडा काठ, मग त्रिकोणातलं उद्गारचिन्ह आणि मग निरोप: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. आपण त्या वेळी विजेचं बिल भरत असतो, नाहीतर कुणाच्या तरी मुंजीचे फोटो बघत बसलेलो असतो. धोका म्हणावा असं आसपास काहीच नसतं. पंखा फिरत असतो, खाली भंगारवाल्याची हाळी विरत चाललेली असते, चहावर साय धरत असते. पण या हितचिंतकाला आपलं हे स्वस्थपण बघवत नाही. आपलं लक्ष नाही असं बघून त्याने म्हणे सगळं घर धुंडाळलं आणि त्याला १,३४७ दोष सापडले. तेराशे नव्हेत, साडेतेराशेही नव्हेत. गोल आकड्यावर आपला विश्वास बसत नाही. सत्तेचाळीस म्हटलं की मोजणाऱ्याचे कष्ट दिसतात. त्या आकड्याखाली 'आत्ता दुरुस्त करा' असं सांगणारं एक हिरवंगार, टपोरं बटण असतं, आणि त्याच्या पायाशी, जुन्या सातबाऱ्यावरच्या शाईइतक्या फिक्या अक्षरांत, 'नंतर बघू'.

असा हितचिंतक कुणी बोलावलेला नसतो. आपण घेतो एक, त्याच्या पोटात दुसरं असतं. माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे, तो मराठी टायपिंगबरोबर आला. अप्पा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आता आठवणी लिहायच्या असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी कुठूनसा एक फुकटचा मराठी कीबोर्ड त्यांनी उतरवून घेतला. असं काही उतरवून घेताना एकामागून एक खिडक्या उघडतात आणि त्यांतल्या एखादीत, बारीक अक्षरांतल्या ओळीपुढे, बरोबरची खूण आपल्या वतीने आधीच करून ठेवलेली असते. आपण नुसतं 'पुढे, पुढे' म्हणत जायचं. पुढे म्हणता म्हणता घरात एक सफाईवाला, एक हवामान सांगणारा आणि ब्राउझरच्या कपाळावर एक नवी पट्टी एवढी मंडळी मुक्कामाला येतात. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या कीबोर्डवर अर्धा र काही केल्या नीट उमटत नव्हता, त्यामुळे अप्पांच्या आठवणींतल्या सह्याद्रीच्या साऱ्या दऱ्या दर्या झाल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

दुसरा कुणी असता तर फुली मारून मोकळा झाला असता. पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवणं अप्पांच्या रक्तात नाही. चष्मा पुसून ते पॉप-अप मोठ्याने वाचायचे, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत. "अगं, हे तिसरं स्मरणपत्र आलं," असं मला फोनवर सांगताना त्यांच्या आवाजात काळजी असायची, आणि जरासा रुबाबही. त्या रुबाबाचं कारण मला हळूहळू कळलं. निवृत्त माणसाला कुणी स्मरणपत्र पाठवत नाही. पेन्शन आपली आपण खात्यात जमा होते, हयातीचा दाखला नोव्हेंबरात एकदा देऊन टाकला की वर्षभर कुणी तो हयात आहे का हेही विचारत नाही. आणि इथे कुणीतरी रोज सकाळी अकराच्या ठोक्याला, ऐन ऑफिसच्या वेळेत, त्यांच्या उत्तराची वाट बघत उभं राहत होतं.

"आधी तपशील मागवू," अप्पा म्हणाले. मी सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा आम्ही दोघांनी ती दोषांची यादी उघडली. त्यातले निम्म्याहून अधिक दोष म्हणजे कुकी निघाल्या. कुकी ही खरं तर एक चिठ्ठी असते. एखादी वेबसाइट ती आपल्याच ब्राउझरमध्ये ठेवून जाते, की हे गृहस्थ आधी येऊन गेलेत, यांना मराठी पान दाखवा. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली या तरुण इंजिनिअरने ही युक्ती वेबवर आणली, कारण तोवर वेबला कुणाचा चेहराच लक्षात राहत नसे. दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागे. काही कुकी आपल्या मागावर असतात हे खरं, पण त्या ब्राउझरमधूनच पुसता येतात, दमडी न मोजता. आमच्या सफाईवाल्याने मात्र एकेका चिठ्ठीमागे एकेक संकट धरलं होतं. त्याखाली काही तात्पुरत्या फायली होत्या, ज्यांचा तात्पुरतेपणा हाच त्यांचा गुन्हा. आणि सगळ्यात शेवटी, ठळक लाल अक्षरांत, रजिस्ट्रीतल्या नोंदी.

विंडोज ९५ आली तेव्हापासून कॉम्प्युटरची सगळी खबरबात रजिस्ट्री नावाच्या एका अवाढव्य बाडात लिहिली जाते: कुठला प्रोग्राम कुठे राहतो, कुठली फाइल कोण उघडणार, स्क्रीनवर मागे चित्र कोणतं लावायचं. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नावाच्या चारदोन नोंदी तिथे रेंगाळतात. अप्पांना हे सांगायला मी बराच सराव करून गेले होते, पण त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवलं. "म्हणजे आवक-जावक रजिस्टर. आमच्याकडे बदली होऊन गेलेल्यांची नावं मागच्या पानांवर तशीच होती. त्यांच्यामुळे काम कधी अडलं नाही. काम अडायचं ते चालू पानावर ज्यांची नावं होती त्यांच्यामुळे." मायक्रोसॉफ्टचं म्हणणं याहून फार वेगळं नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या अवजारांना आपला पाठिंबा नाही, असं कंपनीने लिहूनच ठेवलंय, आणि त्यांनी भलती नोंद उडवली तर विंडोज मुळापासून नव्याने घालावी लागेल, असंही.

तपशील झाल्यावर अप्पा पत्ता शोधू लागले. पत्र कुणाकडून आलं हे कळल्याशिवाय उत्तर देणार कुणाला? वर बघितलं, खाली बघितलं, चौकटीच्या चारही बाजू न्याहाळल्या. नाव नाही, गाव नाही, जावक क्रमांक नाही. मला तेव्हा १९८६ सालच्या 'ब्रेन'ची आठवण झाली. आयबीएम पीसीवरचा तो पहिला व्हायरस मानतात. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि लिहिताना त्याच्या पोटातच स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले, की बाबांनो, लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवावा एवढाच हेतू होता, असं ते पुढे सांगत. ही हकीकत ऐकून अप्पांना त्या भावांविषयी आदर वाटला. रोग देणारे पत्ता देत होते आणि औषध विकणारे तोंड लपवतात, हा उलटा न्याय त्यांना काही केल्या पटेना.

माझी आजी, म्हणजे अप्पांची आई, दृष्ट काढायची. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन ती आम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत ओवाळायची, ओठांतल्या ओठांत आल्यागेल्यांची, शेजारच्यांची, वाटेवरच्या कुत्र्यामांजरांची नावं घ्यायची आणि मूठ चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायची. मग सगळे श्वास रोखून उभे. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती. मोहरी ताडताड उडाली तरी दृष्ट जबर होती. दृष्ट लागलेलीच नव्हती, असा निकाल त्या परीक्षेत बसवलेलाच नव्हता. आजी इंग्रजी शिकली नव्हती आणि अमेरिका तिने नकाशातही पाहिली नव्हती, पण तिथल्या ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत काही वर्षं नेमकं हेच चाललं होतं. फुकट तपासणीसाठी कॉम्प्युटर आणला की गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचे: हळू चालतो का, मधेच बंद पडतो का, असेच. एकाला जरी हो म्हटलं तरी प्रोग्राम व्हायरसची लक्षणं सापडल्याचं सांगायचा. पुढची तपासणी केवळ शोभेची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा ठपका ठेवला, आणि २०१९ साली ऑफिस डेपो आणि तो प्रोग्राम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

तरीही आजी आणि ते दुकान यांना एका पंगतीत बसवायला माझं मन घेत नाही. मूठ निखाऱ्यांवर पडली की आजी हात झटकायची, आमच्या कपाळावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "गेली." तो एक शब्द ऐकण्यासाठीच सगळा खटाटोप असायचा. 'गेली' म्हटलं की आम्ही उड्या मारत बाहेर, आणि आजी परत तिच्या वाती वळायला. फी नाही, मुदत नाही, वर्ष भरलं म्हणून नूतनीकरण नाही. सफाईवाल्याला नेमकं तेवढंच म्हणता येत नाही. तो गेली म्हणाला तर पुढच्या वर्षीचं लायसन्स कोण घेणार? म्हणून पैसे भरले की तांबडा काठ चार दिवस हिरवा होतो, मग हळूच पिवळा, आणि एका सकाळी कोपऱ्यातून पुन्हा उद्गारचिन्ह वर येतं. ज्याला भीती विकायची आहे त्याला ती पुरती घालवून कसं चालेल? बरं, यांतले सगळे तोतये असतात असंही नाही. सीक्लीनर हे सफाईतलं चांगलं नावाजलेलं अवजार, पण २०१७ साली हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच आपला कोड घुसवला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली होती. हे मी अप्पांना सांगितलं नाही. रात्री झोप लागायला हवी.

खिडकी बंद करावी म्हटलं तर फुलीसुद्धा खरी असेलच असं नाही. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बॉन्झी नावाच्या कंपनीचं एक जांभळं माकड, खरं म्हणजे गोरिला, लोकांच्या स्क्रीनवर नांदत असे. गाणी म्हणे, विनोद सांगे. त्याच कंपनीच्या जाहिराती हुबेहूब विंडोजच्या इशाऱ्यासारख्या दिसत आणि त्यांच्या कोपऱ्यात फुलीचं नुसतं चित्र असे. फुली मारावी तर जाहिरातच उघडायची. लोक कोर्टात गेले, आणि २००३ साली झालेल्या तडजोडीत कंपनीने असल्या चौकटींवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायचं कबूल केलं. पॉप-अपचा मूळ जन्म मात्र एका सज्जनाच्या घरचा. १९९०च्या दशकात ईथन झुकरमन हे ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर काम करत होते. आपली जाहिरात एका आक्षेपार्ह पानावर झळकलेली पाहून एक जाहिरातदार भडकला. तेव्हा जाहिरात पानाला चिकटूच नये, तिला स्वतंत्र खिडकी द्यावी, असा तोडगा निघाला आणि झुकरमन यांनी तो कोडमध्ये उतरवला. २०१४ साली 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून त्यांनी त्याबद्दल जगाची माफी मागितली. एका गिऱ्हाइकाची अब्रू झाकायला काढलेली खिडकी, आणि तिच्यातून केवढी वरात आत आली!

असं नाही की कॉम्प्युटरची झाडलोट मला कधी आवडलीच नाही. आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर विंडोज ९८ होती आणि तिच्यात डीफ्रॅगमेंटर नावाची एक सोय होती. हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे इथे तिथे विखुरतात, ते गोळा करून सलग लावायचं काम ती करायची, आणि करताना दाखवायचीही. स्क्रीनभर रंगीबेरंगी चिमुकले चौकोन. एकेक उचलला जायचा, क्षणभर कुठे जातो कळायचं नाही आणि मग रांगेत आपल्या जागी येऊन बसायचा. मधे कशाने डिस्कला हात लावला, अगदी स्क्रीनसेव्हर जागा झाला तरी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रात्री जेवणं उरकली की अप्पा आणि मी इतर सारे प्रोग्राम बंद करून, माउसला हात न लावता, समोर खुर्च्या टाकून बसायचो. टीव्हीवर क्रिकेट असलं तरी. अप्पा मधेच म्हणायचे, "तो खालचा निळा बघ, आता जाईल." आणि तो जायचा. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज जायची, हेही ठरलेलं. त्या झाडलोटीने कॉम्प्युटर खरोखर किती वेगाने चालू लागला हे आम्ही कधी तपासलं नाही. आताच्या एसएसडीला त्या रांगा लावायची गरजच उरलेली नाही; तुकडे कुठेही असोत, तिला सगळे सारखेच जवळ. पण ती सफाई मुकाट्याने काम करायची, दोष मोजायची नाही, आणि झालं की सरळ सांगायची की झालं.

सरकारलाही अखेर या कोपऱ्यातल्या मंडळींची दखल घ्यावी लागली, हे वाचून अप्पांना फार बरं वाटलं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे १३ प्रकार दिलेत: खोटी घाई करणं, टोपलीत नकळत वस्तू सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, आणि चक्क कटकट करणं. तेरावा प्रकार तर आमच्याच घरचा: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं भासवून तो काढण्याचं बनावट अवजार गळ्यात मारणं. कटकटीची सरकार दरबारी व्याख्या झाली या विचाराने मी हसत होते, तर अप्पा गंभीरपणे परिशिष्ट वाचत होते. त्याआधी, १ मार्च २०१८ पासून, मायक्रोसॉफ्टनेही घाबरवून पैसे काढणाऱ्या सफाई-प्रोग्रामना नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत घालून विंडोज डिफेंडरकरवी हाकलायला सुरुवात केली होती. आणि २०१७ पासून भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र व्हायरस काढायची खरी अवजारं फुकट देतं. अडचण एवढीच की खरा सफाईवाला आपण होऊन दार ठोठावत नाही. त्याचं दार आपल्याला शोधत जावं लागतं.

मग आम्ही आमच्या हितचिंतकाला निरोप द्यायला बसलो. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्याचं नाव निवडलं, तर तो विचारता झाला: खरंच? हो म्हटलं. पुन्हा विचारलं, तुमचं संरक्षण जाईल, नक्की? या वेळी 'राहू द्या' हे हिरवं, टपोरं होतं आणि 'काढून टाका' शोधायला अप्पांचा चष्मा पुसावा लागला. मग निम्म्या किमतीत वर्षभर राहतो म्हणाला. मग पाव किमतीत. शेवटी गेला, तर दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला रिकाम्या हाताने एक खिडकी वर आलीच. जाताना टास्क शेड्यूलरमध्ये तो आपली वेळ लिहून ठेवून गेला होता. तीही नोंद पुसली. पण त्याच्या आधी, जाता जाता, त्याने ब्राउझरमध्ये एक पान उघडलं होतं: आपण आम्हाला का सोडून जात आहात, ते कळवाल का? खाली एक मोकळी चौकट.

मी पान बंद करायला हात पुढे केला, तो अप्पांनी धरला. "विचारलंय त्यांनी. रकाना कोरा कसा ठेवायचा?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर शोधत, अर्ध्या र ला वळसा घालत, लिहायला घेतलं. विषय: आपली सेवा बंद करणेबाबत. संदर्भ: आपली दररोजची सूचना. महोदय, आपण निदर्शनास आणून दिलेल्या १,३४७ दोषांची पडताळणी केली असता सदर दोष आढळून आले नाहीत, सबब आपली सेवा पुढे चालू ठेवणे शक्य नाही. आपण इतके दिवस नियमित चौकशी केलीत, त्याबद्दल आभारी आहे. कळावे, लोभ असावा. सरकारी पत्रात लोभ मागत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, म्हणून मी काही बोलले नाही. पण चौकट बोलली. मजकूर मर्यादेपेक्षा जास्त झालाय, कमी करा. अप्पांनी पत्र पुन्हा सावकाश वाचलं, कुठे कात्री लावता येईल ते पाहिलं आणि दोष, पडताळणी, सबब हे सगळं एका दमात खोडून टाकलं. आभार आणि लोभ तेवढे ठेवले आणि 'पाठवा' दाबलं.

"याची पोच मिळते का गं?"

"इथे पोच देत नाहीत, अप्पा."

"मग नोंद तरी करून ठेवतो," असं म्हणत त्यांनी टेबलावरची वही जवळ घेतली आणि तारीख घालून जावकाच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.